छातीतली जळजळ : नुसते ‘पित्त’ म्हणून सोडून देऊ नका

आपल्या घरांत ‘पित्त’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. डोके दुखून उलटी झाली की पित्त. अंगावर लाल गांधी उठल्या की पित्त. जेवणानंतर छातीत आग होऊन आंबट पाणी घशाशी आले तरी पित्तच. आणि जिना चढताना छाती दाटून आली, घाम फुटला, तरी घरातले वडीलधारे माणूस म्हणते, “काही नाही, पित्त खवळलंय. सोडा घे आणि पडून राहा.”

वाचक बंधू-भगिनींनो, हे सगळे वेगवेगळे आजार आहेत. डोके दुखून उलटी होणे ही बहुधा अर्धशिशी असते. अंगावर गांधी उठणे ही ॲलर्जी असते. खरा पित्तरस तर यकृतात तयार होतो आणि आतड्यात उतरून तेलतूप पचवतो. छातीतल्या जळजळीला कारण होतो तो पित्तरस नव्हे, तर जठरातले आम्ल. एकाच नावाखाली सगळे आजार गोळा केले की उपायही एकच होतो, आणि तो बहुतेक वेळा चुकतो. कधी साध्या दुखण्यावर महिनोन्‌महिने गोळ्या गिळल्या जातात, तर कधी हृदयविकारासारखे दुखणे सोडा पिऊन अंगावर काढले जाते. म्हणून ही जळजळ नेमकी काय आहे, ती घरच्या घरी कशी कमी करता येते आणि कोणत्या वेळी घरी बसून चालणार नाही, हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

जळजळ होते कशी?

आपण खाल्लेला घास घशातून अन्ननलिकेत जातो. ही नळी साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच लांबीची असते. छातीच्या मधोमध, हृदयाच्या मागच्या बाजूने ती खाली उतरते आणि जठराला मिळते. जठरात अन्न पचवण्यासाठी अतिशय तीव्र आम्ल तयार होते. दिवसाकाठी दीड ते दोन लिटर जठररस त्यात पाझरतो. जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत जाड अस्तर असते, त्यामुळे हे आम्ल जठराला सहसा पोळत नाही. अन्ननलिकेला मात्र असे अस्तर नसते.

म्हणून अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर स्नायूंचे एक गोल कडे असते. घास खाली जाताना ते उघडते आणि लगेच मिटते. एकाच बाजूने उघडणाऱ्या दारासारखे त्याचे काम आहे. हे कडे सैल पडले, नको त्या वेळी उघडले किंवा खालून पोटाचा दाब वाढला, की आम्ल उलटे वर चढते. ते अन्ननलिकेला लागले की छातीच्या हाडामागे आग होते. घशापर्यंत आले की आंबट ढेकर येतात. रात्री झोपेत आले तर ठसका लागतो, कोरडा खोकला होतो, सकाळी आवाज बसलेला असतो.

बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणे, नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळणे, अंगारा लावणे, यांनी हे कडे घट्ट होत नाही. ज्याचे कारण शरीरात आहे त्याचा उपायही शरीराचे काम समजून घेऊनच करावा लागतो.

कष्टकऱ्यांच्या घरात ही तक्रार का वाढते?

वर्तमानपत्रांत या विषयावर लिहिणारे बहुधा हॉटेलातले चमचमीत जेवण, बैठे काम आणि वाढलेले वजन यांवर बोट ठेवतात. ते खरेच आहे. पोटाचा घेर वाढला की जठरावर दाब येतो आणि आम्ल वर चढते. पण आपल्या वस्तीतली कारणे आणखी वेगळी आहेत. ती जेवणात कमी आणि जेवणाच्या वेळेत जास्त आहेत.

सफाई कामगार पहाटे उठून चहाच्या एका कपावर हजेरी लावतो. दुपारी उशिरा घरी येतो तेव्हा भूक खवळलेली असते. मग चार भाकऱ्या, रस्सा आणि भात एकाच बैठकीत पोटात जातो आणि लगेच अंग टाकले जाते. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक जागे राहण्यासाठी चहा, बिडी, तंबाखू यांचा आधार घेतो आणि सकाळी जेवून तसाच झोपतो. धुणीभांडी करणारी बाई दोन घरांच्या मध्ये वडापाव खाते आणि पुढच्या घरात जाऊन ओणवी होऊन लादी पुसते. भरल्या पोटी ओणवे झाले की जठरावर दाब पडणारच.

घरातल्या बाईची गोष्ट तर वेगळी सांगायला हवी. ती सर्वांना वाढून शेवटी जेवते. नवरा उशिरा आला तर तीही उशिरा जेवते. साडेदहाला जेवण, मग भांडी, अंथरुणे आणि अकराला पाठ टेकणे. सकाळी पाण्याच्या वेळेला पुन्हा उठणे. जठरातले जेवण खाली सरकायला तीन ते चार तास लागतात. म्हणजे भरलेले जठर घेऊनच ती झोपते. त्यात परकराची नाडी कमरेला करकचून बांधलेली असते. तिला रोज रात्री जळजळ होते आणि ती कुणाला सांगत नाही, कारण पित्त म्हणजे काही आजार नव्हे, अशी तिची समजूत असते. घरातल्या सर्वांनी एकत्र आणि वेळेवर जेवणे हा बरोबरीच्या वागणुकीचा भाग आहेच, पण तो तिच्यासाठी औषधही आहे.

गरोदरपणात ही तक्रार फार आढळते. त्या काळातल्या शारीरिक बदलांमुळे स्नायूंचे कडे सैल पडते आणि वाढत्या गर्भाचा दाबही येतो. बाळंतपणानंतर ती बहुधा आपोआप जाते. पोटातल्या बाळाच्या डोक्यावर केस जास्त असल्यामुळे जळजळ होते, ही नुसती समजूत आहे. गरोदर बाईने मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये.

तंबाखू, बिडी, मिश्री, गुटखा आणि दारू यांचा इथे स्पष्ट उल्लेख करायला हवा. तंबाखूतल्या निकोटिनने अन्ननलिकेचे कडे सैल पडते, मग ती ओढा, चघळा किंवा दातांना लावा. दारूही तेच करते आणि शिवाय जठराचे अस्तर जाळते. आपल्याकडच्या कित्येक आया-बहिणी सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी मिश्री लावतात आणि दिवसभर पित्ताची तक्रार करतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते आणि खाल्ली जाते. जळजळीच्या गोळ्या खाऊन वर तंबाखू मळत राहणे म्हणजे एका हाताने जमा आणि दुसऱ्या हाताने खर्च.

पैसे न लागणारे उपाय

पहिला उपाय वेळेचा. रात्रीचे जेवण आणि झोप यांच्यात दोन ते तीन तासांचे अंतर ठेवा. हे एकट्याने पाळले तरी अनेकांची रात्रीची जळजळ कमी होते. नवऱ्याची पाळी उशिरा संपत असेल तर बाईने आणि मुलांनी आठला जेवून घ्यावे, त्याचे ताट झाकून ठेवावे. ज्याला उशिरा जेवणे भाग आहे त्याने पाळीवर असतानाच डब्यातली भाकरी-भाजी खाऊन घ्यावी आणि घरी आल्यावर थोडेच खावे.

दुसरा उपाय मापाचा. एकदम पोट तडस लागेपर्यंत खाण्यापेक्षा तेच अन्न तीन-चार वेळांत विभागून खा. पहाटे कामावर जाणाऱ्याने नुसत्या चहाऐवजी अर्धी भाकरी, चपाती किंवा मूठभर भाजके चणे तरी पोटात टाकावेत.

तिसरा उपाय झोपण्याचा. उताणे सपाट झोपले की आम्लाला वर यायला वाट मोकळी मिळते. डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उंच करा. खाट असेल तर डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवा आणि खाट डगमगत नाही ना हे पाहा. नुसत्या दोन उश्या घेऊन उपयोग नाही. त्याने मान वाकते, पोट दुमडते आणि दाब उलट वाढतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी जाड गोधड्यांच्या घड्या अशा रचाव्यात की कमरेपासून डोक्यापर्यंत सलग चढ तयार होईल. एखादी रुंद फळी असेल तर तिचे एक टोक विटांवर टेकवून वर गोधडी घालता येते. डाव्या कुशीवर झोपावे. जठराची ठेवण अशी आहे की त्या कुशीवर आम्ल खालच्या बाजूला राहते.

चौथा उपाय दाब कमी करण्याचा. पट्टा आणि नाडी सैल ठेवा. जेवल्यावर लगेच ओणवे होऊन काम करू नका, ओझे उचलू नका. ते जमणारच नसेल तर कामाआधी कमी खा आणि काम उरकल्यावर पोटभर जेवा. पोट सुटलेले असेल तर वजन थोडे कमी केले तरी फरक जाणवतो.

काय खावे, काय टाळावे?

“मिरची सोडा, आंबट सोडा, तळलेले सोडा,” असे सरसकट सांगणे सोपे असते. पण ज्या घरात कोरड्यास नसले की चटणी-भाकरीवर जेवण भागते, तिथे मिरची सोडा म्हणजे जेवण सोडा असाच अर्थ होतो. शिवाय प्रत्येकाला एकच पदार्थ बाधतो असेही नाही. कुणाला ठेचा पचतो आणि चहा पचत नाही. कुणाला वांग्याची भाजी चालते आणि टोमॅटोचे सार चालत नाही.

म्हणून एक वही करा. पंधरा दिवस रोज चार गोष्टी लिहा : काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, किती वाजता झोपलो आणि जळजळ कधी झाली. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्या. पंधरा दिवसांत आपला शत्रू कोण हे दिसू लागते. बहुतेकांच्या वहीत तेलात तळलेली भजी आणि वडा, तेलाचा तवंग असलेली तर्री, रविवारी रात्री उशिराचे मटण-वजडी, रिकाम्या पोटीचा कडक चहा, सोड्याची बाटली आणि दारू यांची नावे येतात. तेलकट आणि चरबीयुक्त अन्न जठरात जास्त वेळ राहते, म्हणून ते रात्रीऐवजी दुपारी खावे. रविवारचे मटण बंद करायचे कारण नाही. ते दुपारच्या जेवणाला घ्या आणि रस्सा वाढताना वरचे तेल बाजूला करा.

थंड दूध प्यायल्याने आग लगेच शमते, पण थोड्या वेळाने जठर पुन्हा आम्ल सोडते. म्हणून रात्री झोपताना भांडे भरून दूध पिणे हा उपाय नव्हे. खाण्याचा सोडा पाण्यात टाकून पिणे किंवा फसफसणारी पावडर घेणे हाही वरवरचा आराम आहे. सोडा आम्लाला मारतो खरा, पण पोटात वायू धरतो आणि शरीरात सोडियम वाढवतो. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तो टाळावा.

गोळ्यांचा हिशेब

या दुखण्यावरची औषधे मुख्यतः तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार पातळ पांढऱ्या-गुलाबी औषधांचा आणि चघळण्याच्या गोळ्यांचा. ती तयार झालेले आम्ल मारतात. आराम लवकर मिळतो आणि लवकर संपतोही. त्यांतल्या मॅग्नेशियमने जुलाब होऊ शकतात, ॲल्युमिनियमने शौचाला घट्ट होते. महत्त्वाची गोष्ट अशी की लोहाच्या गोळ्या किंवा क्षयरोगाची औषधे यांच्याबरोबर ती घेतली तर ती मूळ औषधे अंगी नीट लागत नाहीत. दोन्हींमध्ये किती अंतर ठेवायचे ते डॉक्टरांना विचारा.

दुसरा प्रकार आम्लाची निर्मिती कमी करणाऱ्या गोळ्यांचा. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून त्या आल्या आणि त्यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच कुळातली रॅनिटिडिन ही गोळी अनेक वर्षे घरोघर होती. २०१९ मध्ये तिच्यात कर्करोगाला कारण ठरू शकणारा एक घटक आढळला. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ती बाजारातून काढायला लावली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ती वगळली गेली. जुन्या सवयीने कुणी ती घेत असेल तर डॉक्टरांना दुसरे औषध विचारून घ्यावे.

तिसरा प्रकार ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्यांचा. ओमेप्राझोल १९८८ मध्ये प्रथम बाजारात आले. या गोळ्या जठरातले आम्ल तयार करणारे पंपच बंद पाडतात, म्हणून त्या प्रभावी आहेत. त्या जळजळ झाल्यावर नव्हे, तर जेवणाआधी, सहसा सकाळच्या न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यायच्या असतात. नेहमीचा कोर्स चार ते आठ आठवड्यांचा असतो. आपल्याकडे मात्र दुकानातून पट्टी आणायची आणि वर्षानुवर्षे खायची अशी पद्धत पडली आहे. दीर्घकाळ घेतल्यास शरीरात बी-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते, हाडे मोडण्याचा धोकाही वाढल्याचे दिसून आले आहे. अनेक महिने घेऊन एकदम बंद केल्यास काही दिवस आम्ल उसळून येते, आणि आजार परतला असे समजून माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. म्हणून सुरू करणे आणि थांबवणे, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने करा. काही रुग्णांना ती खरोखरच दीर्घकाळ लागते. त्यांनी हा लेख वाचून बंद करू नये. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगा. जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळ कमी किमतीत मिळते.

आणखी एक गोष्ट. अंगदुखी, गुडघेदुखी, कंबरदुखी यांसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या आपले कष्टकरी सर्रास घेतात. या गोळ्या जठराचे अस्तर दुबळे करतात आणि त्यातून जखम, म्हणजे अल्सर होतो. दुखण्याची गोळी आणि पित्ताची गोळी रोज जोडीने खाणाऱ्याने आधी दुखण्याच्या गोळीचा विचार करावा. हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःहून थांबवू नका. कोणतीही गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. काही गोळ्या अन्ननलिकेत अडकून तिथेच जखम करतात.

अल्सर हा नुसत्या तिखटाने किंवा काळजीने होतो, असे पूर्वी डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी त्याचे मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असल्याचे दाखवले. लोक ऐकेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः प्यायला आणि आपल्या जठराला सूज आल्याचे सिद्ध केले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. आज या जंतूची तपासणी होते आणि साधारण १४ दिवसांच्या औषधांनी तो जातो. तेव्हा पोटाच्या वरच्या भागात दुखणे हटत नसेल तर चूर्णे आणि काढे बदलत बसण्यापेक्षा तपासणी करून घ्या.

हे पित्त नव्हे!

आता सर्वांत महत्त्वाचे. अन्ननलिका आणि हृदय छातीत एकमेकांना लागून आहेत. त्यामुळे दोघांचे दुखणे सारखेच वाटू शकते. आमच्या वस्तीत सामाजिक काम करताना एक प्रकार पुन्हा पुन्हा पाहिला आहे. माणूस छाती चोळतो, ‘गॅस झाला’ म्हणतो, सोड्याच्या बाटल्या येतात, कुणी ओव्याची चिमूट देतो, कुणी पाठ दाबतो आणि दोन-तीन तास निघून जातात. हृदयविकाराच्या झटक्यात हेच तास मोलाचे असतात. हृदयाची रक्तवाहिनी जितकी लवकर मोकळी होईल तितके हृदय वाचते.

साधी जळजळ बहुधा जेवल्यावर, ओणवे झाल्यावर किंवा आडवे पडल्यावर होते आणि तिच्याबरोबर आंबट पाणी वर येते. हृदयाचे दुखणे बहुधा दाबल्यासारखे, आवळल्यासारखे असते. ते डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाते. दरदरून घाम, धाप, घाबरेपणा, मळमळ यांपैकी काही सोबत असते. जिना चढताना, ओझे उचलताना छातीत जळते आणि थांबले की बरे वाटते, तर ते पित्त समजू नका. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत फारसे न दुखताही झटका येऊ शकतो. सोडा किंवा गोळी घेऊन बरे वाटले, म्हणजे हृदय ठीक आहे, असा पुरावा होत नाही. शंका आली की वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती विनामूल्य आहे. रुग्णाला चालवत नेऊ नका. रुग्णालयात पोचताच ईसीजी काढायला सांगा.

झटका नसला तरी पुढील लक्षणे दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा : घास अडकणे, वजन आपोआप उतरणे, सतत उलट्या, अंगात रक्त कमी होणे, किंवा पन्नाशी ओलांडल्यावर प्रथमच जळजळ सुरू होणे. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पाणीही उतरत नाही, असा क्रम असेल तर एक दिवसही दवडू नका. अन्ननलिकेचा कर्करोग असाच सुरू होतो आणि तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तो अधिक आढळतो. डांबरासारखे काळे शौच झाले, उलटीत रक्त आले किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडले, तर लगेच रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

दुर्बिणीच्या तपासणीचे नाव ऐकून पुष्कळजण घाबरतात. घशाला बधिर करणारे औषध मारून एक लवचीक नळी आत घालतात आणि काही मिनिटांत अन्ननलिका व जठर आतून पाहून होते. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत त्यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. जिल्ह्यातल्या वाचकांनी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी.

डॉक्टरांकडे जाताना ती पंधरा दिवसांची वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि तंबाखू-दारूची खरी माहिती बरोबर न्या. ‘पित्त होतंय’ एवढेच सांगू नका. कुठे जळते, कधी जळते, काय केल्यावर वाढते, काय केल्यावर थांबते, हे सांगा. आणि घरातल्या त्या शेवटी जेवणाऱ्या बाईला आज रात्री विचारा, तुझ्या छातीत जळतं का? ती नाही म्हणाली तरी उद्यापासून तिचे ताट सगळ्यांच्या बरोबर वाढा.